पडद्यावरील वाचन आणि त्याची पारख

गेल्या जून महिन्यात शाळा उघडली त्याच आठवड्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र मुख्याध्यापकांकडे आले. परदेशी स्थायिक झालेल्या या गृहस्थांनी प्राथमिक विभागातील मुलांसाठी वीस टॅबलेट आणि एका ऑनलाइन वाचनकार्यक्रमाची तीन वर्षांची वर्गणी देण्याची इच्छा प्रकट केली होती. अट एकच : कार्यक्रम कोणता घ्यावा हे शाळेने स्वतः तपासून ठरवावे. देणगी उदार होती यात शंका नाही; आणि पहिलीचा पट यंदा भरेल की नाही या विवंचनेत दर उन्हाळा काढणाऱ्या, बडोद्यासारख्या ठिकाणच्या मराठी शाळेला ती नाकारणे शक्यही नव्हते. परंतु 'तपासून ठरवावे' या दोन शब्दांनी आम्हां तिघा शिक्षकांचे सहा महिने घेतले. त्या खटाटोपात आम्हांस जे शिकावयास मिळाले ते पालकवर्गापुढे, आणि ज्यांच्या घरी लहान भावंडे हातात मोबाइल घेऊन बसलेली असतात अशा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी एका कंपनीचे प्रतिनिधी शाळेत येऊन गेले. माणूस सालस, बोलणे गोड. त्यांनी भिंतीवर एक हिरवा आलेख दाखविला. तो डावीकडून उजवीकडे चढत गेला होता आणि त्यावर 'प्रगती' असा शब्द होता. आमच्यापैकी एका बाईंनी सहज विचारले, "ही प्रगती कशात मोजली आहे?" तेव्हा उलगडा झाला, की मुलाने कार्यक्रम किती मिनिटे उघडा ठेवला आणि किती तारे मिळविले यांची ती बेरीज होती. हजेरीपटावरून मुलाचे व्याकरण ठरविण्यासारखाच हा प्रकार! तथापि त्या सद्गृहस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. वाचन म्हणजे काय आणि ते मोजावयाचे कसे, हे आमचे आम्हांलाच तोवर नीट सांगता आले नसते. म्हणून तपासणीचा आरंभ कार्यक्रमांपासून न करता या प्रश्नापासून करावा असे ठरले.

गफ आणि टन्मर या दोघा अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाविषयी एक साधे सूत्र मांडले. अक्षरांचा उलगडा करण्याची शक्ती आणि ऐकलेली भाषा समजण्याची शक्ती या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचनाचे आकलन, असे ते सूत्र आहे. यातील मर्म 'गुणाकार' या शब्दात आहे. बेरजेत एक संख्या शून्य असली तरी दुसरी उरते. गुणाकारात काहीच उरत नाही. आपल्या घरांतील उदाहरणे घेतली तर हे चटकन ध्यानात येते. संस्कृत पोथी खड्या आवाजात, एकही काना न चुकता वाचणारे, परंतु अर्थ विचारताच हसून पान उलटणारे आजोबा अनेकांनी पाहिले असतील. तेथे उलगडा पूर्ण आहे, समज नाही. उलटपक्षी शेकडो ओव्या मुखोद्गत असलेली, गोष्टीतील प्रत्येक शब्दाची छटा जाणणारी, पण अक्षरओळख नसलेली आजी. तेथे समज अपार आहे, उलगडा शून्य आहे. दोघांनाही नवे पुस्तक वाचून त्याचा अर्थ सांगता येणार नाही, परंतु दोघांची अडचण सर्वस्वी भिन्न आहे. आणि ज्या औषधाने एकाचा रोग बरा होईल त्याने दुसऱ्याला गुण यावयाचा नाही.

आमच्या शाळेतील मुलांना हे सूत्र विशेष लागू पडते. यांच्या घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि दूरदर्शन संचावर हिंदी. पुष्कळ मुलांना 'ओसरी', 'उंबरठा', 'पाणवठा' हे शब्द वाचता येतात; पण डोळ्यांपुढे चित्र उभे राहात नाही, कारण शब्द कधी कानांवर पडलेलाच नसतो. अशा मुलास केवळ अक्षरे गिरवून घेणारा कार्यक्रम दिला तर तो तारे मिळवील आणि आकलनात होता तेथेच राहील. म्हणून आम्ही प्रत्येक कार्यक्रमाला पहिला प्रश्न असा विचारला : तू या दोहोंपैकी काय शिकवितोस? आश्चर्य असे, की तीनपैकी दोन कार्यक्रमांच्या माहितीपत्रकात याचे उत्तरच नव्हते. 'मुले वाचू लागतात' एवढेच मोघम विधान तेथे होते.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय वाचन-मंडळाच्या अहवालाने वाचनशिक्षणाची पाच अंगे सांगितली : बोलण्यातील ध्वनी वेगळे ओळखता येणे, ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध, अस्खलितपणा, शब्दसंग्रह आणि आकलन. बाजारातील बहुतेक वाचनकार्यक्रम या पाच अंगांचा उल्लेख करतात आणि तो करणे योग्यही आहे. पण हा अहवाल इंग्रजी वाचनाचा आहे, हे विसरून चालणार नाही. आणि आमच्या मते खरी मेख येथेच आहे.

इंग्रजीत सव्वीस अक्षरे एकदा ओळखीची झाली की पुढचा त्रास स्पेलिंगच्या लहरीपणाचा असतो. देवनागरीची गोष्ट निराळी. येथे लिहिले तसे वाचावयाचे हे बव्हंशी खरे. पण जे ओळखावयाचे त्यांची संख्या फार मोठी. व्यंजने, त्यांना लागणारी बाराखडी, आणि वर जोडाक्षरांचा पसारा. कन्नड लिपीचीही रचना अशीच आहे. त्या लिपीत शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास सोनाली नाग यांनी केला असून, अक्षरांची ही सारी बांधणी हस्तगत होण्यास प्राथमिक शाळेची चार-पाच वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे दुसरीतील मूल जोडाक्षराशी अडखळले तर ते मंद आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याची वाटच लांबची आहे. इंग्रजीसाठी रचलेला आणि मागाहून मराठीत उतरविलेला कार्यक्रम ही लांबी ओळखत नाही. तो पहिल्या वर्षातच 'अक्षरे संपली' अशी घोषणा करून मोकळा होतो.

अशाच एका कार्यक्रमात शब्दांचे 'सोपे' आणि 'अवघड' हे भाग अक्षरसंख्येवरून पाडलेले होते. इंग्रजीत लहान शब्द बहुधा सोपा असतो. त्यावरून हा नियम आला असावा. मराठीत त्याचा परिणाम काय झाला? 'स्त्री' हा शब्द एकाच अक्षराचा, म्हणून तो पहिल्या पायरीवर. आणि 'सरबत' चार अक्षरांचा, म्हणून तिसऱ्या पायरीवर! दुसरीतील कोणत्याही मुलास हे दोन शब्द दाखवा, कोणता सोपा ते तोच सांगेल. आमच्या जुन्या बालबोध पुस्तकांतील 'कमळ', 'बदक', 'गवत' असा बिनकान्यामात्रेचा क्रम काही उगाच पडलेला नव्हता. आणि त्यातही एक बारीक अडचण आहेच. 'करवत' हा शब्द मूल प्रथम क-र-व-त असा सुटा, प्रत्येक अक्षरात 'अ' घालून वाचते. बोलताना मात्र आपण मधला आणि शेवटचा 'अ' गिळतो. सुटी अक्षरे आणि ओळखीचा शब्द यांची गाठ पडते तो क्षण म्हणजे वाचनाचा खरा जन्म. चांगल्या कार्यक्रमाने या क्षणी मुलास मदत करावी. अक्षरांवर एकामागून एक दिवे लावून 'क', 'र', 'व', 'त' असे सुटे म्हणत राहू नये.

जोडाक्षरे पडद्यावर कशी दिसतात ते तपासण्यासाठी आम्ही एक छोटी युक्ती केली. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द प्रत्येक कार्यक्रमात शोधले किंवा घालून पाहिले. पहिला समुद्र, दुसरा डोंगरांतील खोल भाग. एका रफाराने अख्खा भूगोल बदलतो. तीन कार्यक्रमांपैकी एकाने दोन्ही शब्द सारखेच दाखविले आणि दोन्हींचा उच्चारही एकच केला. दुसऱ्या एका ठिकाणी 'क्त' आणि 'द्ध' ही अक्षरे मोडून, पायाखाली हलन्त चिन्ह असलेली दिसत होती. जे अक्षर मूल आयुष्यात प्रथमच पाहात आहे ते त्याला असे मोडके दाखविणे म्हणजे चुलीवर ठेवण्याआधीच भांड्याला भोक पाडणे होय. मराठी कार्यक्रम विकत घेऊ इच्छिणाऱ्या पालकांनी अन्य काही नाही तरी ही एक परीक्षा अवश्य करावी. तिला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आता अशा कार्यक्रमांकडे वळतो की जे मुलाचे वाचन 'ऐकतात'. ही कल्पना खरोखरच आकर्षक आहे. मूल मोठ्याने वाचते, यंत्र ते ऐकते, शब्द बरोबर असेल तर तो एका रंगात उजळतो, चुकला तर दुसऱ्या. गूगलने २०१९ साली 'बोलो' नावाचा असा कार्यक्रम भारतात प्रथम हिंदी आणि इंग्रजीसाठी आणला. पुढील वर्षी 'रीड अलाँग' या नावाने त्यात मराठीचाही समावेश झाला. त्यानंतर अनेकांनी ती वाट धरली. वर्गात पस्तीस मुले असताना प्रत्येकाचे वाचन रोज ऐकणे शिक्षकास अशक्य असते, हे सत्य कोण नाकारील? शिवाय एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. आमच्या वर्गात एक अतिशय बुजरा मुलगा आहे. फळ्यापुढे उभे केले की त्याचा कंठ दाटून येतो. तो टॅबलेटपुढे एका कोपऱ्यात बसला आणि एकच परिच्छेद त्याने पुन्हा पुन्हा, न लाजता वाचून काढला. यंत्र हसत नाही, घड्याळाकडे पाहात नाही, 'पुढचा' असे म्हणत नाही. हा गुण लहान नव्हे. आणि पुढे जे दोष सांगावयाचे आहेत ते सांगताना त्याचा विसर पडू नये अशी आमची इच्छा आहे.

परंतु या ऐकणाऱ्या यंत्राचे कान कोणाचे? मराठीत च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्यांचा भेद दिसत नाही. 'हे जग सुंदर आहे' यातील 'जग' आणि 'तू सुखाने जग' यातील 'जग' लिहावयास सारखे, बोलावयास वेगळे. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतील 'च' एक नव्हे. तिसरीतील एका मुलीने 'चांदणे' हा शब्द तिच्या आजीने शिकविला तसा, म्हणजे अगदी बिनचूक वाचला. पडद्यावर शब्द लाल झाला. तिने पुन्हा वाचला, पुन्हा लाल. तिसऱ्या खेपेसही तेच. चौथ्या खेपेस तिने तो 'चंद्रा'च्या 'च'ने वाचला, आणि घंटा वाजून तारा मिळाला. ती मुलगी आनंदाने आमच्याकडे तारा दाखवावयास आली. त्या दिवशी तिला काय सांगावे हे आम्हांस खरोखरच सुचले नाही. ज्या मुलांना गल्लीतील भाषेचा एकच 'च' दिवसभर ऐकू येतो, त्यांचा घरातील दुसरा 'च' जपण्याचे काम शाळेचे आहे; आणि तो पुसून टाकण्याबद्दल यंत्र बक्षीस देत होते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. आमच्यातील एका सहकाऱ्याने मुद्दाम चुकीचे वाचन केले : 'गाय' ऐवजी 'माय', 'बसला' ऐवजी 'हसला'. यांतील काही चुका यंत्राने पकडल्या, काही खुशाल सोडून दिल्या. आणि सर्वांत बोलका प्रसंग दुसरीतील एका खोडकर मुलाचा. तो धडाधड वाचत होता, ओळीमागून ओळ उजळत होती, आणि त्याची नजर मात्र खिडकीबाहेरच्या माकडावर होती! कार्यक्रमाने आधी वाचून दाखविलेली गोष्ट त्याला पाठ झाली होती. त्याचे पाठांतर उत्तम, हे आम्ही कबूल करतो. पण त्याच गोष्टीतील शब्द वेगळ्या क्रमाने मांडून कागदावर दिले तेव्हा त्याची गाडी तिसऱ्या शब्दाशी थांबली. येथून पुढे आम्ही नियमच केला, की ज्या मजकुरावर मुलाने सराव केला त्या मजकुरावर त्याची परीक्षा घ्यावयाची नाही. केंद्र सरकारच्या २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेतही तिसरीच्या मुलाने अनोळखी उतारा मिनिटास किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा असे लक्ष्य ठेवलेले आहे. पुष्कळ कार्यक्रम यातील '६० शब्द' तेवढे उचलतात. 'अनोळखी' आणि 'अर्थ समजून' हे दोन शब्द मागे राहतात, आणि मुले घोड्यासारखी धावू लागतात.

चित्रे आणि आवाज यांविषयी थोडक्यात सांगतो. पडद्यावरील गोष्टीत ससा दाबला की उडी मारतो, झाड दाबले की पाने गळतात. मुलांना हे आवडते; पण उडी पाहता पाहता गोष्ट निसटते. एक ते आठ वर्षांच्या मुलांवरील ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा फुरेनेस, कुचिर्कोव्हा आणि बस यांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. छापील पुस्तक केवळ पडद्यावर आणून ठेवले तर मुलांचे आकलन कागदापेक्षा कमी भरते. परंतु चित्रांतील हालचाल आणि आवाज गोष्टीच्या आशयाशीच बांधलेले असतील तर पडदा कागदाच्या पुढेही जाऊ शकतो, असा त्याचा मथितार्थ आहे. तेव्हा पडदा वाईट किंवा चांगला असा सरसकट वाद निरर्थक होय. ससा गोष्टीत उडी मारतो तेव्हाच पडद्यावर मारतो का, एवढे पाहावे.

यापुढील प्रश्न अधिक कठीण. समजा, वरील सर्व कसोट्यांस एखादा कार्यक्रम उतरला. त्याने मुलांचे वाचन सुधारते हे कळावे कसे? प्रतिनिधी सांगतात, 'आमचा कार्यक्रम वापरणारी मुले सहा महिन्यांत पुढे गेली.' गेली असतील. पण सहा महिन्यांत मुले नुसती शाळेत येऊनही पुढे जातात. आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. जून महिन्यात एका वर्गातील ४० मुलांपैकी १६ मुलांना सोपी गोष्ट वाचता येत होती, डिसेंबरात २२ मुलांना येऊ लागली. वाढलेल्या सहा मुलांचे श्रेय कार्यक्रमास, की शिक्षिकेस, की घरी घेतलेल्या शिकवणीस, की वयास? या आकड्यांवरून काहीच सांगता येत नाही. 'असर' या नावाने २००५ पासून ग्रामीण भारतात मुलांच्या वाचनाची पाहणी होत आली आहे. तिच्या आकड्यांप्रमाणे तिसरीतील जी मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती त्यांचे प्रमाण २०१८ साली सुमारे २७ टक्के होते. महामारीत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, ते २०.५ टक्क्यांवर उतरले आणि २०२४ साली पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. ज्या कंपनीने २०२२ मध्ये आपला कार्यक्रम एखाद्या शाळेत सुरू केला असेल, तिला दोन वर्षांनी सुरेख चढता आलेख मिळाला असणार. आणि शेजारच्या, ज्या शाळेत काहीच नव्हते, त्या शाळेलाही बहुधा तसाच.

यावर उपाय एकच, आणि तो जुना आहे : सारख्या मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावयाचे, एकास कार्यक्रम द्यावयाचा, दुसऱ्यास नाही, आणि दोघांची परीक्षा तिऱ्हाइताने घ्यावयाची. अमेरिकेच्या शिक्षणखात्याने असा मोठा प्रयोग करविला होता. १३२ शाळा आणि ४३९ शिक्षक त्यात होते. प्रत्येक शाळेत कोणत्या शिक्षकाने संगणकीय कार्यक्रम वापरावयाचा हे सोडतीने ठरविले होते. २००७ साली अहवाल आला. ज्या वर्गांत हे कार्यक्रम वापरले गेले आणि ज्यांत नाही, त्यांच्या परीक्षेतील गुणांत, पहिलीच्या आणि चौथीच्या वाचनातसुद्धा, नाव घेण्यासारखा फरक पडला नव्हता. ते कार्यक्रम आजच्या मानाने जुने होते, हा आक्षेप रास्त आहे. पण ते घेतेवेळी विक्रेत्यांचे आलेख याच दिशेने चढत असणार, हेही तितकेच खरे.

याच्या उलट साक्षही आहे, आणि ती आपल्या देशातील आहे. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या कार्यक्रमाचा प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत मुरलीधरन, सिंग आणि गणिमियन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. बव्हंशी सहावी ते नववीच्या ६१९ मुलांतून सोडतीने निवडलेल्यांना शाळेनंतरच्या केंद्रात जागा मिळाली, आणि सुमारे साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत ती मुले इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली. कारणही त्यांनी दिले आहे : मूल ज्या इयत्तेत बसते तेथून नव्हे, तर त्याला प्रत्यक्षात जेवढे येते तेथून हा कार्यक्रम आरंभ करीत असे. नववीतील मुलाला पाचवीचे येत असेल तर पाचवीचे. मात्र दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. ही मुले प्राथमिक शाळेतील नव्हती. आणि त्या केंद्रात निम्मा वेळ संगणक, तर निम्मा वेळ लहान गटाला शिकविणारा माणूस होता. गुण कोणाचा किती, हे त्या प्रयोगावरून वेगळे काढता येत नाही. जाहिरातीत मात्र त्या माणसाचा उल्लेख सहसा आढळत नाही!

आम्हीही आमच्या परीने चिठ्ठ्या टाकल्या. तिसरीचा वर्ग एकच. तेव्हा अर्ध्या मुलांनी कार्यक्रम जुलैपासून वापरावयाचा आणि उरलेल्यांनी दिवाळीनंतर, असे ठरविले. कोणी वंचित राहिले नाही, आणि मधल्या तीन महिन्यांत तुलना करता आली. परीक्षेसाठी 'असर'च्या धर्तीवर आम्हीच एका पानाचा कागद तयार केला : काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. प्रत्येक मूल एकटे बोलावून, माध्यमिक विभागातील शिक्षकांनी, म्हणजे ज्यांना कोणते मूल कोणत्या गटातील हे ठाऊक नव्हते त्यांनी, ते वाचून घेतले आणि गोष्टीवर दोन प्रश्न तोंडी विचारले. याला संशोधन म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एका वर्गात एक मूल आजारी पडले तरी सरासरी हलते. गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांत आम्हांस दोन गटांमध्ये भेद दिसला नाही. अक्षरे आणि शब्द यांवरच अडलेली जी थोडी मुले होती त्यांत मात्र जुलैच्या गटातील मुले अधिक सावरलेली वाटली. 'वाटली' हाच शब्द येथे योग्य आहे.

पैसा आणि माहिती यांविषयी दोन शब्द. तीन वर्षांनी वर्गणी संपल्यावर काय, हा प्रश्न दात्यास नव्हे, शाळेस विचारावयाचा असतो. तसेच पुष्कळ कार्यक्रम मुलाचे नाव, वय, आवाज एवढे सारे मागतात. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांच्या संमतीचे तत्त्व घातलेले आहे. आठ वर्षांच्या मुलाचा आवाज कोठे साठविला जातो आणि तो पुसून मिळतो का, हे आम्ही तिन्ही ठिकाणी लेखी विचारले. एकाने उत्तर दिले.

फुकट मिळणाऱ्या गोष्टीही आम्ही पाहिल्या. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रमय गोष्टी चार पायऱ्यांत मांडलेल्या आहेत, आणि त्यांच्या परवान्यानुसार त्या कोणालाही छापून घेता येतात. तेथे तारे नाहीत, घंटा नाही, आणि वाचन शिकविण्याचा दावाही नाही. ते एक ग्रंथालय आहे. आमच्या सहावीच्या मुलींनी त्यांतील काही गोष्टी छापून, दोऱ्याने शिवून, पुठ्ठ्यात बांधल्या.

ग्रंथालयाचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. आपल्या या शहराचे अधिपती महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीकडे सुरू केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानास लागू केला. पुढे थोड्याच वर्षांत त्यांना असे दिसले असावे, की शाळेत वाचावयास शिकलेले मूल घरी वाचावयास काही नसेल तर शिकलेले विसरते. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. पेटी आली की गाव वाचावयाचे, ती पुढच्या गावी गेली की दुसरी यावयाची. आमच्या समितीच्या एका बैठकीत ही आठवण निघाली आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

ऑक्टोबरअखेर आम्ही दात्यास पत्र लिहिले. वीसऐवजी आठ टॅबलेट पुरेत. कार्यक्रम तिसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे ज्याची जोडाक्षरे धड होती आणि जो मुलाला येते तेथून आरंभ करतो तो, परंतु वर्गणी एकाच वर्षाची. तो सर्वांसाठी नव्हे; जी मुले अक्षर-शब्दांशी अडली आहेत त्यांच्यासाठी, दिवसाआड पंधरा मिनिटे, शिक्षिका शेजारी बसलेली असताना. आवाज ऐकणारा भाग तूर्त बंद. उरलेल्या रकमेत पहिली ते चौथीच्या प्रत्येक वर्गासाठी मराठी पुस्तकांची एक लाकडी पेटी. त्यांचे उत्तर आठवड्याने आले. योजना त्यांना मान्य होती. फक्त पेट्या चारऐवजी पाच कराव्या, आणि पाचवी बालवाडीत ठेवावी, असे त्यांनी सुचविले होते.

पेट्या डिसेंबरात आल्या. त्यांना कुलूप नाही. 'चांदणे' वाचणाऱ्या त्या मुलीकडे तिसरीच्या पेटीतील पुस्तकांची वही आहे. कोणी काय नेले ते ती लिहून ठेवते. जुलैचा आणि दिवाळीनंतरचा, दोन्ही गटांचे कागद कपाटात बांधून ठेवले आहेत. येत्या जूनमध्ये ही मुले चौथीत गेल्यावर तीच परीक्षा नव्या उताऱ्यावर पुन्हा घ्यावयाची आहे, आणि जे दिसेल ते पुढील वर्षीच्या अंकात देण्याचा विचार आहे.